पार्किन्सनच्या गोळ्यांमुळे माणूस नुकसानातून शिकायचं थांबतो का?

इंदिरानगरची

नमस्कार. विषय घरातला आहे पण मला तो मेंदूच्या बाजूने समजून घ्यायचाय म्हणून सविस्तर लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही अप्पा म्हणतो, वय ६८, इथे नाशिकला अंबडच्या एका कंपनीतून सुपरवायझर म्हणून रिटायर झाले. आयुष्यभर पोस्ट आणि बँकेची एफडी यापलीकडे एक रुपया कुठे लावला नाही, आईने शेजारणींबरोबर भिशी लावली तरी त्यांना ते पटायचं नाही, असा माणूस. काही वर्षांपूर्वी पार्किन्सन निघाला. आधी फक्त लेव्होडोपावाली गोळी होती, मग हाताची थरथर वाढली, चालताना पाय उचलेनात, तेव्हा डॉक्टरांनी दुसरी एक गोळी जोडली. तिचा फायदा झाला हे मान्यच करायला पाहिजे, परत सकाळी जॉगिंग ट्रॅकला जायला लागले, शर्टाची बटणं स्वतः लावतात, सही पण सुधारली.

पण त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी मोबाईलवर ऑप्शन ट्रेडिंग सुरू केलं, आम्हाला कुणाला न सांगता. शिवाय नाशिक रोडला गेले की लॉटरीची तिकिटं, एक दोन नाही, गड्डीच. आत्तापर्यंत किती गेले ते लिहीत नाही पण एक एफडी मोडली हे बँकेतून कळलं. आणि मला जे कोडं पडलंय ते पैसे गेल्याचं नाहीच, ते असं की गेलेल्याचा काही परिणामच होत नाही. सकाळी गेले, दुपारी परत लावले. कधीतरी आले की मात्र ते एकदाचं आलेलं पुढे कितीतरी दिवस पुरतं, ‘जमायला लागलंय आता’ म्हणतात. माझा भाऊ म्हणतो म्हातारपणी हाव सुटली. आई रडते. मी लहानपणापासून बघितलेला माणूस हा नाही एवढंच मला कळतंय.

गोळीने असं होऊ शकतं का? आणि होत असेल तर कसं, म्हणजे फायदा झाला की शिकतो आणि तोटा झाला की शिकत नाही असं मेंदूत अर्धंच कसं बिघडेल? जाताजाता, माझा मुलगा आठवीत आहे, त्यालाही रागावून काही फरक पडत नाही, पण तो कुठली गोळी घेत नाही :) त्याबद्दल कुणाला काही सांगता आलं तर तेही सांगा.

मेंदूवेडा

ताई, आधी कामाचं सांगतो मग शास्त्र. मी डॉक्टर नाही, न्यूरोसायन्समध्ये शिकलेला माणूस आहे, मूळचा गंगापूर रोडचा.

जोडलेल्या गोळीचं नाव बघा. प्रामिपेक्झोल किंवा रोपिनिरोल असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, उद्याच न्यूरोलॉजिस्टना फोन करा आणि इथे लिहिलंय ते तसंच्या तसं सांगा. या गटातल्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. जुगार, बेसुमार खरेदी, सतत खाणं, लैंगिक वागण्यात अचानक बदल, हे चार प्रकार मुख्यतः दिसतात. अमेरिका आणि कॅनडातल्या तीन हजारांवर पार्किन्सन पेशंटना तपासून २०१० मध्ये एक अभ्यास छापला गेला, त्यात १३.६ टक्के लोकांना यातलं काही ना काही होतं, या गटाची औषधं घेणाऱ्यांत ते प्रमाण १७ टक्के आणि न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अप्पा एकटे नाहीत आणि तुमच्या भावाला सांगा की हाव वगैरे काही नाही, आधी गोळी तपासा. फक्त गोळी घरच्या घरी बंद करू नका. ते धोक्याचं असतं, डॉक्टरच हळूहळू कमी करतील.

आता ‘अर्धंच कसं बिघडेल’ या प्रश्नाकडे येतो, कारण प्रश्न फार नेमका आहे आणि त्याचं उत्तर मिळायला विज्ञानाला बरीच वर्षं लागली.

पार्किन्सनमध्ये मेंदूतलं डोपामीन नावाचं रसायन कमी पडतं आणि या गोळ्या त्याचीच उणीव भरून काढतात, म्हणून सुरुवात तिथून. डोपामीन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते सोडून द्या. वोल्फ्राम शुल्ट्झ नावाच्या शास्त्रज्ञाने माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामीन पेशीचे सिग्नल ऐकले. माकडाला अचानक फळाचा रस मिळाला की पेशी जोरात फायर होते. पण रसाच्या आधी दरवेळी दिवा लावला, तर थोड्या सरावानंतर पेशी दिव्यालाच फायर व्हायला लागते आणि रस आला तेव्हा काहीच नाही, कारण रस येणार हे ठरलेलंच होतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दिवा लागला आणि रस आलाच नाही, तर बरोबर रस यायच्या क्षणाला ती पेशी गप्प होते. एरवी ती सेकंदाला काही ठोके देत असते, ते थांबतात. म्हणजे डोपामीन मोजतं ते अपेक्षेपेक्षा किती जास्त मिळालं किंवा किती कमी मिळालं हे. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी हे गणितात बसवून ‘सायन्स’मध्ये मांडलं आणि कॉम्प्युटरला शिकवायला जे सूत्र वापरत होते तेच मेंदूत सापडलं असं म्हणायची वेळ आली.

म्हणजे शिकण्याच्या दोन खुणा झाल्या, डोपामीन वर उसळलं तर ‘हे परत कर’ आणि खाली पडलं तर ‘हे परत करू नको’. या दोन खुणा वाचणाऱ्या पेशी वेगवेगळ्या आहेत. मेंदूच्या आत खोलवर स्ट्रायटम म्हणून भाग आहे, तिथल्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे डोपामीन जिथे येऊन बसतं त्या जागा, काही पेशींवर डी-वन प्रकारचे, काहींवर डी-टू. उसळी आली की डी-वन वाल्यांचं ‘कर’ पक्कं होतं. डी-टू वाले फार थोड्या डोपामीनवरही दबून राहतात, त्यांना जाग यायला डोपामीन खरोखर खाली जावं लागतं, तेव्हाच त्यांचं ‘नको’ पक्कं होतं.

आता नाशिककरांना हे पटकन कळेल. रामकुंडाच्या खालच्या पायऱ्या पाणी उतरल्यावरच दिसतात, गोदावरीला पाणी भरपूर असेल तर त्या पायऱ्यांवर काय लिहिलंय ते कुणालाच वाचता येणार नाही. अप्पांची दुसरी गोळी जर डी-टू प्रकारच्या रिसेप्टरवर जाऊन बसणारी असेल, आणि त्या गटातल्या गोळ्या तशाच असतात, तर नुकसान झाल्यावर त्यांच्या स्वतःच्या पेशी गप्प झाल्या तरी रिसेप्टरला कळतच नाही कारण गोळी तिथे बसलेलीच आहे. फायद्याची उसळी मात्र पोचते. मग फक्त ‘कर’ साठत जातं.

हा नुसता तर्क नाही. २००४ मध्ये मायकेल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या लोकांवर एक टेस्ट घेतली. स्क्रीनवर जपानी अक्षरांच्या जोड्या दाखवायच्या, माणसाने एक निवडायचं, बरोबर की चूक लगेच सांगायचं. एका जोडीतलं एक अक्षर ८० टक्के वेळा बरोबर ठरतं, दुसरं २० टक्के. नियम कुणी सांगत नाही, करून करून अंदाज येतो. मग शेवटी ती अक्षरं नवीन जोड्यांमध्ये टाकून बघायचं की माणूस चांगलं अक्षर ओळखून उचलतो की वाईट अक्षर ओळखून टाळतो. गोळी घेतलेले लोक चांगलं उचलण्यात पुढे आणि गोळी न घेतलेले वाईट टाळण्यात पुढे. आजार तोच, फरक फक्त औषध शरीरात आहे की नाही एवढाच. म्हणजे बक्षिसातून शिकणं आणि शिक्षेतून शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एकच रसायन दोघींमधला तोल ठरवतं. हे वाचलं तेव्हा मी किती वेळ नुसता बसून होतो, कारण आपण ज्याला माणसाचा स्वभाव म्हणतो, जपून वागणारा, धाडसी, त्यातला काही भाग एका गोळीच्या अंतरावर आहे.

आणि एक, तुम्ही लिहिलंय की आयुष्यभर अप्पा फार जपून वागणारे. पार्किन्सन उघडपणे दिसायच्या आधीच डोपामीन कमी होत गेलेलं असतं. त्या काळातला थोडा जास्तीचा सावधपणा कदाचित त्यातूनही आला असेल, आणि आत्ताचा बेधडकपणा गोळीतून, दोन्हीकडे त्यांना दोष देता येणार नाही.

औषधवाला_पंचवटी

मी मेडिकल चालवतो. वर दादांनी लिहिलंय ते बरोबर, फक्त दोन तीन गोष्टी काउंटरवरच्या अनुभवातून.

लेव्होडोपा आणि ही दुसरी गोळी वेगळ्या. लेव्होडोपा मेंदूत जाऊन डोपामीन बनते. नुसतं डोपामीन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरतच नाही म्हणून हा मार्ग, आणि सोबत कार्बिडोपा असतं ते यासाठी की वाटेतच ती संपू नये. प्रामिपेक्झोल वगैरे डोपामीन बनवत नाहीत, डोपामीनच्या जागेवर स्वतः जाऊन बसतात आणि बराच वेळ बसतात. ताईंनी दोन्हीची वेळ आणि मात्रा कागदावर लिहून न्यावी, पेशंट डॉक्टरसमोर अर्धं विसरतात.

दुसरं, घरात कुणी वैद्याकडची किंवा व्हॉट्सॲपवर वाचून आणलेली खाजकुयलीच्या बियांची पावडर देत असेल, कवचबीज म्हणून मिळते, तर ते डॉक्टरांना सांगायलाच पाहिजे. त्या बियांमध्ये नैसर्गिक लेव्होडोपाच असतं, चांगल्यापैकी प्रमाणात. माझ्याकडे येणारी माणसं म्हणतात आयुर्वेदिक आहे त्याचं काय सांगायचं, अहो पण दोन्हीकडून एकच औषध जातंय आणि मात्रा कुणालाच माहीत नाही.

यातलाच एक इतिहास मला फार आवडतो. आपल्या सर्पगंधेपासून रेसर्पिन नावाचं औषध काढलं होतं, ब्लड प्रेशरसाठी. स्वीडनचे आर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं, ससे जागचे हलेनात, जिवंत पण निश्चल. मग लेव्होडोपा टोचलं आणि ते परत हिंडाफिरायला लागले. १९५७ ची गोष्ट. तिथून कळलं की डोपामीन हे स्वतंत्र काम करणारं रसायन आहे, त्यावरूनच पुढे पार्किन्सनचं औषध आलं आणि २००० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. एक वनस्पती डोपामीन रिकामं करणारी आणि एक भरणारी, दोन्ही आपल्याकडच्या.

रोज_एक_टक्का

डोपामीन डिटॉक्स करायला सांगा काकांना. मोबाईल काढून घ्या, एक दिवस काहीच बघायचं नाही, मी करतो दर रविवारी, फ्रेश वाटतं.

मेंदूवेडा

मोबाईलपासून एक दिवस लांब राहून तुम्हाला बरं वाटत असेल तर जरूर करा, पण त्याने डोपामीन निघून जात नाही आणि जायलाही नको, ते गेलं तर काय होतं ते वर सशांच्या गोष्टीत आहेच. इथे अडचण औषधाची आहे, सवय तुटल्याने औषध रिसेप्टरवरून उठणार नाही. आणि काकांचा मोबाईल हिसकावून घेतला तर घरात भांडण वाढेल एवढंच.

इंदिरानगरची

सगळ्यांचे मनापासून आभार. गोळी बघितली, प्रामिपेक्झोलच आहे. डॉक्टरांच्या असिस्टंटशी बोलणं झालं, लवकर बोलावलंय. भावाला हा धागा वाचायला दिला, तो काही बोलला नाही पण संध्याकाळी अप्पांबरोबर बाहेर फिरून आला.

एक गोष्ट मात्र डोक्यात बसत नाहीये. मेंदूवेडा दादा, तुम्ही म्हणता नुकसानाची खूण पोचत नाही. पण अप्पांना नुकसान झाल्यावर वाईट वाटतं हो. जेवत नाहीत, डोळ्यात पाणी येतं, ‘माझ्याकडून काय होतंय’ असं आईला म्हणाले. मग वाईट वाटतंय तर शिकत का नाहीत?

मेंदूवेडा

ताई, वाईट वाटणं आणि त्यातून शिकणं मेंदूत एक नाही. आपल्याला ते एक वाटतं कारण निरोगी माणसात दोन्ही बरोबर चालतात.

केंट बेरिज यांनी उंदरांवर दाखवलंय, ज्या उंदरांचं डोपामीन जवळजवळ संपवलेलं आहे ते स्वतःहून खायला उठत नाहीत, पण त्यांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं तर निरोगी उंदरासारखेच जिभल्या चाटतात. म्हणजे गोड लागणं शाबूत, गोडाकडे जाणं गेलेलं. आवडणं वेगळं आणि ओढ वेगळी असं ते म्हणतात. अप्पांच्या बाबतीत उलट बाजू आहे, ओढ वाढलेली आहे आणि तिच्यातून मिळणारं सुख काही वाढलेलं नाही. त्यांना दुःख होतं ते खरं, ते नाटक करत नाहीत, पण ते दुःख ज्या वाटेने ‘उद्या हात लावू नको’ मध्ये बदलायचं ती वाट बंद आहे. त्यामुळे ते कबूल करतात, शपथ घेतात, आणि दुसऱ्या दिवशी बाजार उघडला की स्क्रीन दिसते आणि हात जातो. त्यांना खोटारडे म्हणू नका कुणी.

नुकसानाची खूण येते कुठून तेही सांगतो, कारण हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. मेंदूच्या मध्यभागी हॅबेन्युला नावाची इवलीशी गाठ आहे. जपानी शास्त्रज्ञ मात्सुमोतो आणि हिकोसाका यांनी २००७ मध्ये माकडांमध्ये दाखवलं की अपेक्षेप्रमाणे रस मिळाला नाही की या गाठीतल्या पेशी उसळतात आणि त्यामुळे डोपामीनच्या पेशी गप्प होतात. म्हणजे निराशेचाही स्वतःचा सिग्नल आहे, ती नुसती आनंदाची गैरहजेरी नाही. अप्पांच्या मेंदूत हा सिग्नल निघत असणार, पुढे वाचला जात नाही.

निफाडकर

मी शेतकरी आहे, द्राक्षाची बाग आहे. चांगली माहिती दिली सगळ्यांनी पण मला एक खटकतंय ते स्पष्ट बोलतो. सगळं केमिकलवर ढकललं तर माणसाची जबाबदारी कुठे राहिली? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ मध्ये आकडे दिले, तीन वर्षांत फ्युचर ऑप्शन करणारे ९३ टक्के लोक तोट्यात. त्या सगळ्यांना काय पार्किन्सन आहे? आमच्या गावात पोरं जमीन गहाण ठेवून हे करतात, धडधाकट पोरं. आणि आम्ही दरवर्षी ऑक्टोबरला छाटणी करतो, फुलोऱ्यात पाऊस येतो, घड कुजतात, कधी माल चांगला येतो तर भाव पडतो, तरी पुढच्या वर्षी परत छाटणी करतोच की. मग आमच्या पण मेंदूत नुकसान वाचलं जात नाही म्हणायचं का? उद्या कुणीही म्हणेल माझं डोपामीन असं आहे मी काय करू.

मेंदूवेडा

दादा तुमचा मुद्दा टाळता येण्यासारखा नाही, नीट उत्तर देतो.

पोरांचं आधी. निरोगी मेंदूलाही एक प्रकारचं बक्षीस सोडवत नाही, ते म्हणजे कधी मिळेल ते माहीत नसलेलं. स्किनर यांनी कबुतरांवर दाखवलं, दाणा दरवेळी दिला आणि मग बंद केला तर पक्षी लवकर सोडून देतो, पण दाणा कधी पाचव्या टोचीला कधी पन्नासाव्या असा बेभरवशाचा दिला तर बंद केल्यावरही पक्षी टोचत राहतो. शुल्ट्झच्या भाषेत सांगायचं तर जे अपेक्षित नाही त्यालाच डोपामीन उसळतं, आणि बेभरवशाचं बक्षीस कायमच थोडं अनपेक्षित राहतं, त्याची सवय होऊन ते फिकं पडत नाही. ऑप्शनचं ॲप, लॉटरी, दोन्हीकडे हेच आहे. त्यामुळे ९३ टक्के लोक तोट्यात जायला आजार असावा लागत नाही, खेळच तसा रचलेला पुरतो. निरोगी माणसात निदान ‘नको’ शिकवणारी बाजू चालू असते, म्हणून काही जण तरी हात पोळल्यावर बाहेर पडतात. अप्पांची तीच बाजू औषधाने झाकली गेलीय.

बागेचं म्हणाल तर ते मला जुगारासारखं वाटत नाही. तुम्ही नुकसानातून शिकताच, गेल्या वर्षी पावसात सापडलं म्हणून छाटणीची तारीख मागेपुढे करता, फवारणी बदलता, कुणी प्लॅस्टिक टाकतं. वागणं बदलतं. ऑप्शनमध्ये अप्पा काहीच बदलत नाहीत, तेच परत करतात. शिकणं चालू आहे की नाही याची ओळख तीच.

आणि जबाबदारी. डोपामीन निर्णय घेत नाही, ते पारड्यात वजन टाकतं. निरोगी माणसाने ‘माझं डोपामीन असं आहे’ म्हणून सुटका करून घेऊ नये हे मला पूर्ण मान्य, कारण त्याच्या बाबतीत असं कुणी मोजलेलंच नसतं. एका जर्मन अभ्यासात डी-टू रिसेप्टर कमी असणारा जीन प्रकार असलेले लोक चुकांमधून कमी शिकतात असं २००७ मध्ये दिसलं होतं, पण त्यात माणसं होती फक्त २६, तेवढ्यावर कुणाच्या स्वभावाचा निकाल लावायला मी तयार नाही. अप्पांच्या बाबतीत मात्र आधी आणि नंतर अशी तारीख आहे. ६०-६५ वर्षं एक माणूस, एक गोळी वाढली, दुसरा माणूस. आणि बऱ्याच पेशंटमध्ये ती गोळी कमी केली की हे वागणंही कमी होतं. असा स्पष्ट धागा दिसत असताना त्यांना उपदेश करत बसणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, हे माझं ठाम मत.

निफाडकर

तारखेचा मुद्दा पटला. गोळीच्या आधी नव्हतं आणि नंतर आलं तर त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. पोरांच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर आहे.

आठवीची_बाई

ताईंच्या मुलाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून मी लिहिते. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते.

रागावून फरक पडत नाही हे फक्त तुमच्या घरी नाही. २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात १२ ते १७ वयाची मुलं आणि मोठी माणसं यांना एकच खेळ दिला होता, काही वेळा पॉइंट मिळवायचे, काही वेळा पॉइंट जाऊ द्यायचे नाहीत. मिळवण्यात मुलं मोठ्यांच्या बरोबरीने शिकली, गमावणं टाळायला शिकण्यात मागे पडली. म्हणजे या वयात शिक्षेतून शिकणारी बाजू अजून पूर्ण तयार नसते असं मला त्यातून वाटतं, आणि वर्गात रोज बघते त्याच्याशी ते जुळतं. वहीवर लाल शेरे मारले तर चूक तशीच परत येते, पण जी पायरी बरोबर आली तिथे खूण केली आणि लगेच सांगितलं, पुढच्या तासाला नाही, त्याच तासाला, तर ती पायरी पुढे बरोबरच येते. लगेच हे फार महत्त्वाचं आहे. महिन्याने प्रगतिपुस्तकात सांगितलेलं कौतुक कुठल्या कृतीचं ते मुलाला लागतच नाही.

दुसरं, शिक्षेने काहीच होत नाही असंही नाही, होतं ते आपल्याला हवं ते नसतं. शिक्षा झालेलं मूल बहुतेक वेळा योग्य काय ते शिकत नाही, गप्प बसायला शिकतं. हात वर करायचं सोडून देतं. सेरोटोनिन म्हणून दुसरं रसायन आहे त्याचा याच्याशी संबंध आहे. केंब्रिजच्या एका प्रयोगात निरोगी माणसांचं सेरोटोनिन तात्पुरतं कमी केलं, तर एरवी शिक्षेच्या शक्यतेने माणूस जो कचरतो, हळू होतो, ते कचरणंच नाहीसं झालं. म्हणजे शिक्षेचा एक मोठा परिणाम थबकवणं हा आहे. रस्त्यावर धावणाऱ्या मुलाला थबकवायला ते ठीक. पण गणित सोडवायला बसलेल्या मुलाला थबकवून काय मिळवायचं? माझे काही जुने सहकारी म्हणतात आम्ही मार खाऊनच शिकलो. मला वाटतं ते मार खाऊनही शिकले, शिकवणारं दुसरंच काहीतरी होतं, एखादे सर, एखादं पाठीवर हात ठेवणं.

ताई, मुलाला जे जमतंय ते तिथल्या तिथे सांगा, आणि जे टाळायचंय त्याबद्दल रागावण्याऐवजी त्याच्या जागी काय करायचं ते दाखवा. नुसतं ‘नको’ त्याच्या वयाला पुरत नाही.

देवळालीची_काकू

मी नेहमी नुसती वाचते, लिहीत नाही, पण इंदिरानगरच्या ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे आणि आम्ही याच्यातून गेलोय, ट्रेडिंग नाही, खरेदी. घड्याळं, टॉर्च, चार्जर, कुरिअरवाला रोज दारात. मला वाटायचं घरी बसून कंटाळतात म्हणून करतात. डॉक्टरांनी कधी विचारलं नव्हतं आणि मलाही ते आजाराशी जोडता आलं नव्हतं, थरथर आणि खरेदी याचा काय संबंध असं कुणालाही वाटेल.

तुम्हाला पुढे काय येईल ते सांगते म्हणजे घाबरणार नाही. डॉक्टर ती गोळी एकदम बंद करणार नाहीत, थोडी थोडी कमी करतील आणि कदाचित लेव्होडोपा थोडी वाढवतील. त्या काळात ह्यांना फार उदास वाटायचं, घाम यायचा, बेचैन व्हायचे, एकदा म्हणाले मला काहीच नको वाटतंय. ते त्या गोळीच्या कमी होण्याचं असतं, त्यालाही नाव आहे आणि डॉक्टरांना माहीत असतं, तेव्हा कमी करताना असं काही दिसलं तर लगेच फोन करा, सहन करत बसू नका. हालचाल पण मध्ये थोडी बिघडली होती, नंतर वेळा बदलून जमवली. आणि लेव्होडोपा जेवणाच्या साधारण अर्धा तास आधी द्यायला आम्हाला सांगितलंय, डाळ, दूध, अंडी यातलं प्रथिन गोळीच्या शोषणात आडवं येतं, त्याकडे पण लक्ष द्या.

पैशांचं त्यांच्याशी बोलूनच करा, मागून नको. बरं वाटतं अशा वेळी, गोळीनंतर तासाभराने अंग मोकळं झालेलं असतं तेव्हा बसून बोला. आम्ही मोठी रक्कम जॉइंट अकाउंटला टाकली, दोघांच्या सहीशिवाय हलत नाही अशी, आणि रोजच्या खर्चाला त्यांचं वेगळं खातं ठेवलं, त्यात हिशोब विचारायचा नाही. डीमॅट बंद करायचं असेल तर फॉर्मवर त्यांचीच सही लागेल, तीही त्यांच्या मर्जीने झाली तर बरं. ह्यांनी स्वतः सही केली तेव्हा त्यांना हलकं वाटलं होतं, स्वतःला आवरायचा प्रयत्न ते आतून करतच होते.

डॉक्टरांकडे जाताना गोळी कधी वाढली ती तारीख आणि पहिला ट्रेड कधी झाला ती तारीख, बँकेच्या पासबुकातून मिळेल, दोन्ही शेजारी शेजारी लिहून न्या. आणि अप्पांच्या समोरच सांगा, त्यांना बाहेर बसवून नाही.